नव्या घरातली ओल आणि बुरशी: जळगाव-अमळनेर कामाच्या नोंदी

१८ जून २०२४

काम दोन ठिकाणचं, घरमालकांच्या बाजूने. जळगावात पार्किंगवर चार मजल्यांची, दोन विंगांची इमारत, ३२ फ्लॅट, महारेरात (राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणात) नोंदलेली. अमळनेरात ४६० चौरस मीटरच्या एका प्लॉटवर सहा रो-हाउस, महारेरा नोंदणी नाही. दोन्हीकडे बिल्डर वेगळे, तक्रार सारखी: भिंतींना ओल, रंगाचे पोपडे, कपाटामागे काळी-हिरवी बुरशी.

आज फक्त कागद. नोंदणीकृत करारनामा सगळ्या परिशिष्टांसकट, इंडेक्स-टू (नोंदणीचा गोषवारा), ताबापत्र, भोगवटा प्रमाणपत्र, पैसे भरल्याच्या पावत्या, बिल्डरशी झालेला पत्रव्यवहार. मूळ करारनामे बँकेत आहेत आणि लोकांकडच्या झेरॉक्समध्ये नेमकं सोयीसुविधांचं परिशिष्ट गायब आहे. हे पान सगळ्यात महत्त्वाचं. ‘बाहेरून दोन थरांचा सॅन्ड फेस्ड गिलावा’, ‘गच्चीला ब्रिकबॅट कोबा’ (विटांच्या तुकड्यांचा पाणी अडवणारा थर) असं त्यावर लिहिलेलं असतं आणि पुढचा सगळा वाद त्या दोन ओळींवर उभा राहतो. बँक देत नसेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत काढायची.

रेरा (स्थावर संपदा) कायद्याचं कलम १४(३) डोळ्यांसमोर ठेवून तारखांचा तक्ता केला. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत दोष बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर त्याने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा. नाही केला तर भरपाई. जळगावच्या बहुतेकांनी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) मुहूर्तावर, ३ मे २०२२ रोजी ताबा घेतला. भोगवटा प्रमाणपत्र ऑगस्टात आलं. बिल्डर आधीची तारीख धरणार, म्हणून आपणही आधीचीच धरायची: शेवटचा दिवस २ मे २०२७. दोन फ्लॅट मधल्या काळात विकले गेले आहेत. कायद्यातल्या ‘अलॉटी’च्या (घर घेणाऱ्याच्या) व्याख्येत पुढचा खरेदीदारही येतो, पण त्याची पाच वर्षं पहिल्या ताब्यापासूनच मोजायची. भाडेकरू या व्याख्येत येत नाही, त्यामुळे सही मालकाचीच लागेल.

महापालिकेकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाकला: मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र. फी १० रुपये, प्रती २ रुपये पानाप्रमाणे. उत्तराला ३० दिवस लागू शकतात, म्हणून हा अर्ज पहिल्याच दिवशी जायला हवा. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावरून आर्किटेक्ट व इंजिनिअरची प्रमाणपत्रं, विशेषतः कामाच्या दर्जाचं फॉर्म २-ए, उतरवून घेतली. ‘बांधकामाचा दर्जा योग्य’ असं बिल्डरच्याच इंजिनिअरने सहीनिशी लिहिलंय. पुढे उपयोगी पडेल.

२ जुलै २०२४

चांगला पाऊस झाल्यावर पहिली पाहणी. साधनं: दोन पिनांचा मॉइश्चर मीटर, तापमान-आर्द्रता मापक, मोजमापाची टेप, लाकडी ठोकळा (पोकळ गिलावा वाजवून ओळखायला), खडू, तारीख दिसणारा कॅमेरा.

आधी बुरशी आणि लोणा वेगळे केले. लोक दोन्हीला एकाच नावाने हाक मारतात. पांढरा, भुरभुरीत थर असेल तर त्यावर ओला बोळा फिरवायचा: विरघळला तर लोणा, म्हणजे मिठं. काळ्या-हिरव्या डागावर पातळ ब्लीचचा एक थेंब टाकायचा: मिनिट-दोन मिनिटांत फिका पडला तर बुरशी असण्याची शक्यता जास्त, नाही पडला तर बहुधा धूळ-काजळी. एका कोपऱ्यात एक नखभर जागाच तपासायची. बाकीचा डाग पुराव्यासाठी तसाच राहू द्यायचा. जळगावच्या तळमजल्याच्या जिन्यात निव्वळ लोणा आहे. ती बांधकामाला वापरलेल्या बोअरच्या पाण्याची करामत असू शकते. त्या बोअरचा नमुना प्रयोगशाळेत द्यायचा. काँक्रीटच्या पाण्यासाठी आयएस ४५६ या भारतीय मानकात सल्फेटला ४०० आणि आरसीसीसाठी (सळयांच्या काँक्रीटसाठी) क्लोराइडला ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर अशी मर्यादा आहे.

मॉइश्चर मीटरबद्दल एक इशारा. ही मीटरं लाकडासाठी अंशांकित असतात. भिंतीवरचा आकडा म्हणजे भिंतीतलं पाणी टक्क्यांत नव्हे, आणि मिठं असतील तर तो फुगतो. म्हणून सुटा आकडा अहवालात लिहायचा नाही. त्याच खोलीतल्या कोरड्या आतल्या भिंतीचा आकडा शेजारी लिहायचा आणि दोन्हींतला फरक दाखवायचा. उलटतपासणीत सुट्या आकड्याची पहिल्याच प्रश्नात वाट लागते.

प्रत्येक खोलीत बाहेरच्या भिंतीवर खडूने एक फुटाचे चौकोन आखले आणि चौकोनागणिक आकडा घेतला. ए विंगच्या चौथ्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या बेडरूमचं उदाहरण: भिंत १० फूट × साडेनऊ फूट, खिडकी ४ × ४, म्हणजे उरलेली ७९ चौरस फूट. जास्त आकडे खिडकीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून खाली तिरपे उतरतात आणि छतालगत एक आडवा पट्टा दिसतो. म्हणजे पाणी दोन वाटांनी येतंय. बुरशी मात्र तिसरीकडेच, कपाटामागे. बुरशी पाणी शिरतं तिथे उगवेलच असं नाही. हवा फिरत नाही तिथे उगवते. भिंतीलगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांवर दीर्घकाळ राहिली की तिला पुरतं.

म्हणून या कामात बुरशीचा फोटो हा शेवटचा पुरावा आहे. कलम १४(३) मध्ये बुरशी हा शब्दच नाही. तिथे आहे ‘कामगिरीतला, दर्जातला दोष’. पाणी कुठून शिरलं आणि ती वाट बिल्डरच्या कामात कशी राहिली हे दाखवलं तरच प्रकरण उभं राहतं. हवेतले बुरशीचे कण मोजून घेण्यावर पैसे घालू नयेत असं फ्लॅटधारकांना आजच सांगितलं.

९ जुलै २०२४

कूलरचा मुद्दा. बिल्डरच्या माणसाने तोंडी सांगितलंच: ‘तुम्ही चार महिने कूलर लावता, खिडक्या बंद ठेवता, भिंती ओल्या होणारच.’ खानदेशात हा बचाव हमखास येणार आणि त्यात थोडं तथ्यही आहे. पाण्याचा कूलर बंद खोलीत लावला, ओली हवा बाहेर जायला वाट ठेवली नाही, तर ओल भिंतीवरच बसते. म्हणून हा मुद्दा टाळायचा नाही, तपासून निकालात काढायचा.

साधी पॉलिथिन चाचणी: एक फूट × एक फूट पारदर्शक प्लास्टिक भिंतीवर चारही बाजूंनी पक्क्या टेपने चिकटवायचं, कुठूनही हवा जाता कामा नये. ४८ तासांनी बघायचं. भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला असतील तर खोलीच्या हवेतलं आहे. कूलर बंद, पावसाळ्याचे दिवस, तीन खोल्यांत लावलं. पश्चिमेच्या भिंतीवर प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब. उत्तरेच्या एका भिंतीवर मात्र खोलीकडच्या बाजूला, आणि तिथे भिंतीला चिकटून पूर्ण उंचीचं कपाट आहे.

ती उत्तरेची भिंत दाव्यातून काढली. फ्लॅटधारक नाराज आहेत. पण एक कच्ची भिंत यादीत राहिली तर बिल्डरचा वकील तिच्यावरच बोट ठेवून बाकीच्या दहांना पोकळ ठरवतो. कपाट भिंतीपासून तीन-चार इंच पुढे ओढायला सांगितलं.

१८ जुलै २०२४

गच्चीची पाणी साठवण्याची चाचणी. पावसाने दोन दिवस उघडीप दिली म्हणून जमलं. पावसातच केली तर पाणी गच्चीचं की भिंतीचं हे कळत नाही. पावसाच्या पाण्याचे सगळे पाइप ओल्या पोत्याने आणि गोणपाटाने बंद केले, ४० मिलिमीटर पाणी भरलं, ४८ तास ठेवलं. ५० मिलिमीटरच्या वर जायचं नाही: ५० मिलिमीटर पाण्याचं ओझं चौरस मीटरला ५० किलो होतं, आणि गच्चीवर आधीच टाक्या आहेत. पाण्यात रंग टाकला. रंग खाली दिसला की वादच मिटतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौथ्या मजल्यावर छतालगत गुलाबी ठिपके. कोब्याचा आणि कठड्याच्या भिंतीचा जोड, जिथे सिमेंटचा गोल वाटा मारायला हवा होता, तिथे काटकोन सोडलेला आहे. कठड्याच्या माथ्याला उतार बाहेरच्या बाजूला, म्हणजे पाणी बाहेरच्या गिलाव्यावरून भिंतीभर उतरतं. गच्चीचा उतारही चुकीचा: लेव्हल पाइप लावून पाहिलं तर दोन ठिकाणी पाणी पाइपपासून दूर साचतं.

नियम: एका वेळी एकच चाचणी. गच्ची, मग बाथरूमचा खाली घेतलेला स्लॅब, मग पाइपलाइनला हातपंपाने दाब. दोन एकदम केल्या तर निकाल कुठल्याच उपयोगाचा नाही. बाथरूममध्ये नहाणी ट्रॅप बंद करून २४ तास पाणी ठेवलं. बी विंगमध्ये दोन बाथरूम गळतात, त्यातल्या एकात मालकाने स्वतः टाइल्स बदलल्या आहेत. तीही दाव्यातून वगळली, कारण करारनाम्यात मालकाने केलेले फेरबदल वगळलेले आहेत.

२७ जुलै २०२४

बाहेरच्या गिलाव्याची जाडी. बिल्डरला सात दिवस आधी लेखी कळवलं होतं, माणूस पाठवला नाही. तसं पंचनाम्यात लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. पश्चिमेच्या भिंतीवर चार ठिकाणी छोटे गोल काप घेतले: ११ ते १३ मिलिमीटर, एकच थर. करारनाम्यात दोन थर. आरसीसी कॉलम आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यावर कोंबडजाळी नाही, म्हणून तिथे केसाएवढ्या उभ्या चिरा. उन्हाळ्यात ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या या गावात काँक्रीट आणि वीट वेगवेगळ्या मापाने प्रसरण पावतात. जाळीशिवाय हा सांधा फुटणारच. खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेर उतार नाही आणि सज्ज्याच्या खाली पाणी तोडायची खाच नाही, म्हणून पागोळी सरळ भिंतीला चिकटून उतरते.

अहवालात प्रत्येक दोषाची ओळ अशी: कुठे, काय सापडलं, करारात किंवा चांगल्या पद्धतीत काय अपेक्षित, पाणी त्यातून कसं शिरतं, दुरुस्ती काय. ‘निकृष्ट बांधकाम’ असे शब्द नकोत, ते वकिलाला नोटिशीत लिहू द्या. अहवाल देणाऱ्या इंजिनिअरची पात्रता, नोंदणी क्रमांक आणि प्रतिज्ञापत्र सोबत हवं. पुढे साक्षीला यायची त्याची तयारी आहे ना हे आत्ताच विचारायचं.

१ ऑगस्ट २०२४

अमळनेर. इथे कहाणी खालून वर चढते. ओल जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांपर्यंत, वर आडवी रेघ, रेघेवर लोणा. एका आजोबांनी काठी टेकवून सांगितलं, ‘पानी कथाईन येस, समजस नही.’ (पाणी कुठून येतं, समजत नाही.) जोत्याची उंची जेमतेम सहा इंच, जोत्यावरचा ओल अडवणारा थर उघडून पाहिलेल्या ठिकाणी नाहीच, आणि भिंतीलगत काळी कपाशीची माती भरून फुलझाडं लावलेली. काळी माती पाणी धरून ठेवते आणि सुकताना आकसते. दोन्ही भिंतीला मारक. झाडांची माती मालकांनी घातलेली आहे. ती फूटभर मागे ओढून घेतली आणि तसं टिपून ठेवलं. थर नसणं हा दोष तरीही बिल्डरचाच राहतो.

महारेरा नोंदणी इथे लागत नव्हती. कलम ३(२) प्रमाणे ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत घरं असतील तर नोंदणीतून सूट. इथे दोन्ही अटी बसतात, वादाला जागा नाही. म्हणून ग्राहक आयोग. घरबांधणी ही सेवा आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणातच ठरवलं, त्याच वर्षीच्या दुरुस्तीने ते जुन्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या व्याख्येतही आलं, आणि २०१९ च्या कायद्यात ते कायम आहे. स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून घर बांधून घेणाऱ्यालाही हाच रस्ता.

मुदत मात्र कडक: तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. ओल पहिल्यांदा ऑगस्ट २०२३ मध्ये दिसली. ‘अजून बिल्डरशी बोलणी चालू आहेत’ यामुळे मुदत थांबत नाही. ऑगस्ट २०२५ ची वाट बघायची नाही.

५ ऑगस्ट २०२४

जळगावची नोटीस. फ्लॅटनिहाय स्वतंत्र, आणि गच्ची-बाहेरच्या भिंतींसाठी सोसायटीच्या ठरावासह एक वेगळी. सामाईक भागाबद्दल एकट्या फ्लॅटधारकाने लिहिलं तर ‘तुमचा संबंध काय’ असं उत्तर येतं. प्रत्येक नोटिशीत: ताब्याची तारीख, दोष पहिल्यांदा दिसल्याची तारीख, दोषांची क्रमवार यादी इंजिनिअरच्या अहवालातल्या क्रमांकांसह, कलम १४(३) चा उल्लेख, ३० दिवसांची मागणी, दुरुस्तीची पद्धत आधी लेखी कळवण्याची मागणी, आणि पाहणीसाठी दोन सोयीच्या तारखा. भरपाईचा आकडा या नोटिशीत घातला नाही. आकडा आला की बिल्डर दुरुस्ती सोडून आकड्यावर भांडतो.

पाठवण: करारनाम्यात नोटिशीसाठी दिलेल्या पत्त्यावर रजिस्टर ए.डी. (पोस्टाची तेव्हाची पोचपावतीची नोंदणीकृत सेवा), आणि त्यातल्याच ई-मेलवर. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली ती केवळ सोय, नोटीस नव्हे. लिफाफा ‘स्वीकारला नाही’ असा परत आला तर तो उघडायचा नाही. पोस्टाच्या शेऱ्यासकट बंद लिफाफा महारेरा किंवा ग्राहक आयोगापुढे ठेवायचा असतो.

२२ ऑगस्ट २०२४

नोटिशी ८ ऑगस्टला पोचल्या. आज बिल्डरने रंगारी पाठवले, सोबत पुट्टी, डॅम्पप्रूफ प्राइमर आणि गोड शब्द. ए विंगच्या दोन फ्लॅटमध्ये त्यांनी खरडायला सुरुवातही केली होती, थांबवलं.

नकार देणं धोक्याचं, होकार देणं त्याहून धोक्याचं. नकार दिला तर बिल्डर म्हणतो, ‘आम्ही तयार होतो, यांनीच दार उघडलं नाही.’ होकार दिला तर पुरावा पुट्टीखाली जातो आणि आतून लावलेला पाणीरोधक रंग पाणी भिंतीतच अडकवतो. पुढच्या पावसाळ्यात गिलाव्यासह सुटतो. लेखी उत्तर असं दिलं: ‘दुरुस्तीस संमती आहे. बाहेरून पाण्याची वाट बंद करण्याचं काम आधी, पद्धतीचा तपशील लेखी, काम पूर्ण झाल्यावर पुन्हा पाणी साठवण चाचणी. आतला रंग शेवटी. ‘समाधानकारक’ अशा छापील फॉर्मवर सही नाही.’ तो छापील फॉर्म रंगारीच्या पिशवीतच होता. तीन जणांनी सही करून टाकली आहे. त्यांच्याकडून आजच ‘सही केवळ माणसं आल्याची पोच म्हणून, दोष कायम आहे’ असं पत्र बिल्डरला पाठवलं.

९ सप्टेंबर २०२४

३० दिवस ७ तारखेला, गणेश चतुर्थीला संपले. सुट्टीचा दिवस म्हणून सोमवारपर्यंत थांबलो. बाहेरच्या कामाचा पत्ता नाही.

आता वाट निवडायची. दुरुस्तीचा आदेश हवा तर महारेरापुढे नमुना ‘अ’. भरपाई हवी तर न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे नमुना ‘ब’, कलम ७१ खाली. दोन अर्ज, प्रत्येकी ५,००० रुपये फी. भरपाई न्यायनिर्णय अधिकारीच ठरवेल हे न्यूटेक प्रमोटर्सच्या २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय. रेरा झालं म्हणून ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही हेही इम्पेरिया स्ट्रक्चर्सच्या २०२० च्या निकालात ठरलंय. पण एकाच मागणीसाठी दोन्हीकडे जाता येत नाही. दिवाणी न्यायालय मात्र कलम ७९ मुळे रेराच्या विषयात बंद.

आमचं मत: गच्ची आणि बाहेरच्या भिंती ही एकत्र करायची कामं. ३२ फ्लॅटांचे सुटे आदेश घेऊन गच्ची दुरुस्त होत नाही. म्हणून सोसायटीने महारेरात नमुना ‘अ’, आणि ज्यांचं खरंच नुकसान झालंय त्या अकरा जणांनी स्वतंत्र नमुना ‘ब’. आदेश मोडला तर कलम ६३ खाली प्रकल्प खर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड. पैशाची वसुली कलम ४० खाली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी. वसुली दाखला निघाल्यावरही तहसील कार्यालयात पाठपुरावा लागतो, हे लोकांना आधीच सांगितलेलं बरं. कोणी तरी सुचवलं, ‘हप्ते थांबवू.’ अजिबात नाही. बँकेचा या वादाशी संबंध नाही, आणि थकीत खातं झालं तर बिल्डरला नवीन बचाव मिळतो.

२४ सप्टेंबर २०२४

भरपाईचे आकडे. दुरुस्तीचा अंदाज सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीप्रमाणे, बाबनिहाय. ठेकेदाराचं ‘अंदाजे दोन लाख’ असं चिठ्ठीवरचं कोटेशन टिकत नाही. खराब झालेलं फर्निचर: मूळ बिल, फोटो आणि घसारा वजा. ज्या दोन कुटुंबांनी घर सोडून भाड्याने घेतलं त्यांचा भाडेकरार आणि बँकेतून गेलेलं भाडं. रोखीने दिलेल्या भाड्याला वजन कमी. औषधांची बिलं लावायची पण त्यावर प्रकरण उभं करायचं नाही. बुरशीमुळेच दमा वाढला असं डॉक्टरने लेखी लिहिलं असेल तरच, नाही तर बाकीचा भक्कम दावाही पातळ होतो. मानसिक त्रासाचा आकडा माफक ठेवला.

१० ऑक्टोबर २०२४

फोटो आणि व्हिडिओ. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं, पूर्वीच्या ६५-ब ऐवजी. त्याचे दोन भाग: ‘अ’ ज्याने फोटो काढला त्याचा, ‘ब’ तज्ज्ञाचा, आणि फाइलची हॅश किंमत (फाइलमधूनच निघणारा तिचा ओळख-आकडा) लिहावी लागते. इथे घोटाळा हा: लोकांनी फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून ग्रुपवर टाकले आणि मूळ पुसले. व्हॉट्सअ‍ॅपची प्रत दाबलेली असते, काढल्याची तारीख तिच्यात राहत नाही. मूळ फाइल ज्या फोनमध्ये आहे तो फोन ताब्यात ठेवायचा, फाइल केबलने उतरवायची, हॅश काढून यादीत लिहायची. बी विंगच्या एका फोनवर २०२२ च्या पावसाळ्यातले मूळ फोटो सापडले. इतके जुने मूळ फोटो दुसऱ्या कुणाकडे नाहीत, म्हणून त्यांची यादी आधी केली.

२१ ऑक्टोबर २०२४

महारेरात सोसायटीचा अर्ज ऑनलाइन दाखल. सामोपचार मंचाचा (दोघांना बसवून वाद मिटवण्याचा) पर्याय घेतला नाही. बिल्डरने आजवर लेखी एक ओळही दिलेली नाही.

त्याच दिवशी अमळनेरच्या सहाही घरांची तक्रार जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात. घराची दिलेली किंमत ५० लाखांच्या आत, म्हणून जिल्हा आयोग. २० ते ५० लाखांच्या टप्प्यासाठी फी १,००० रुपये. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही, मराठीतून चालते. प्रतिज्ञापत्र, अहवाल आणि तज्ज्ञ आयुक्त (आयोगाच्या वतीने पाहणी करणारा तज्ज्ञ) नेमण्याचा अर्ज सोबत जोडला. हा आयुक्ताचा अर्ज लोक विसरतात. उन्हाळ्यात सुनावणी आली की भिंती सुकलेल्या असतात आणि आयुक्ताला काहीच दिसत नाही. बिल्डरला उत्तरासाठी ३० अधिक १५ दिवस. ४५ दिवसांपुढे उत्तर घेता येत नाही, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवलंय. पंचेचाळिसावा दिवस कॅलेंडरवर लाल केला.

१२ डिसेंबर २०२४

जळगावच्या बिल्डरकडून तडजोडीचा मसुदा. पहिलंच वाक्य ‘सर्व तक्रारी पूर्णपणे मिटल्या आहेत’. ते शेवटी जाईल, आणि तेही पावसाळ्यानंतर.

आम्ही परत पाठवलेल्या अटी: कामाची पद्धत परिशिष्ट म्हणून, बाबनिहाय. काम फेब्रुवारीत सुरू, मेच्या मध्यापर्यंत संपवायचं. देखरेखीला दोघांना मान्य तिसरा इंजिनिअर, फी बिल्डरची. काम झाल्यावर ४८ तासांची पाणी साठवण चाचणी सोसायटीसमोर. एक पूर्ण पावसाळा जाईपर्यंत अर्ज मागे नाही, फक्त तारखा लांबवायच्या. दुरुस्त केलेल्या भागाची नवी हमी पाच वर्षं, सहीशिक्क्यानिशी. कलम १४(३) ची मुदत दुरुस्तीमुळे आपोआप वाढत नाही, म्हणून हे लिहून घ्यावंच लागतं. अकरा जणांच्या भरपाईच्या अर्जांचा या मसुद्यात उल्लेख नको. बिल्डरला एकरकमी मिटवायचं असेल तर त्यांच्याशी स्वतंत्र बोलावं.

४ फेब्रुवारी २०२५

तडजोड महारेरासमोर नोंदवून काम सुरू. क्रम पक्का: आधी गच्ची. जुना कोबा कठड्यापासून दोन फूट उखडून सांध्याला वाटा, पाणीरोधक थर कठड्यावर नऊ इंच वर नेऊन, नवा कोबा १०० ला १ उताराने. कठड्याच्या माथ्याचा उतार आतल्या बाजूला. मग पश्चिमेची भिंत: पोकळ वाजणारा गिलावा चौकोनी कापून काढायचा, सांध्यावर आठ इंची जाळीची पट्टी, दोन थर, सात दिवस पाणी. जळगावला रोज पाणी येत नाही, म्हणून क्युरिंगच्या पाण्याची टाकी करारात लिहून घेतली होती. बिल्डर पहिल्याच आठवड्यात ती ‘विसरला’, आठवण लेखी दिली. सज्ज्याच्या खालची खाच गिलावा ओला असतानाच पट्टी दाबून, नंतर ग्राइंडरने कापलेली नको.

आतलं काम एप्रिलमध्ये. बुरशी कोरडी घासायची नाही, कण उडतात. आधी ओली करून, एन-९५ मास्क लावून, पुट्टीसकट खरवडायची, मलबा पिशवीत बांधून न्यायचा. भिंत उघडी सोडायची. मॉइश्चर मीटरचा आकडा त्याच खोलीतल्या कोरड्या भिंतीच्या आकड्याशी जुळला, आठवड्याच्या अंतराने दोनदा जुळला, की मगच पुट्टी. एप्रिलच्या उन्हात हे लवकर होतं, पण घाई करायची नाही, आणि त्या दिवसांत त्या खोल्यांत कूलर बंद.

अमळनेरला तज्ज्ञ आयुक्ताच्या नेमणुकीचा आदेश आला. पाहणी जुलैत ठेवायचा अर्ज दिला आहे, आणि तोवर झाडांची माती भिंतीजवळ पुन्हा कोणी ओढू नये म्हणून फूटभर अंतरावर विटांची एक रांग उभी करून घेतली.